पार्किंगपासून वर

बावीस वर्षं झाली, देवगिरीला सहली आणतोय.
किल्ला मला ठाऊक तो एवढाच:
कुठली सावली साडेअकरापर्यंत टिकते,
कुठल्या नळाला पाणी असतं,
पेरूवाली गयाबाई मिठात तिखट किती टाकते.
गाडी लावायची, मागच्या शिटावरची ओकारी धुवायची,
टावेल आरशावर वाळत घालायचा
अन् खिडकीतून पाय काढून झोपायचं.
वर काय आहे, कुणी विचारलं तर सांगायचो,
"लई भारी आहे. बघून या."

यंदा गंगाखेडची शाळा.
दुपारी गिराम सर पळत आले, चष्मा हातात.
"एक्कावन्नच भरायलेत."
मास्तर दोन, मॅडम एक, बाकीची पोरं कुणी धरायची?
मी चप्पल घातली.

खिडकीतल्यानं विचारलं, किती?
"एक," म्हणालो.
बावीस वर्षांत पहिलं तिकीट, माझं.

मेंढ्याच्या डोक्याची तोफ. तिथं नाही.
खंदकाचं पाणी हिरवं, त्यात दोन बाटल्या, एक टोपी.
टोपी बघून पोटात गोळा आला,
पण ती मोठ्या माणसाची होती.
कडा असा तासलेला
की घोरपड लावली तर नखं मोडून परत येईल.

अंधारीच्या तोंडाशी वटवाघळांचा वास,
आंबलेल्या पेंडीसारखा.
आत मुस्तकीमभाई गाईड कुणा पाहुण्यांना सांगत होते,
"इथं वैरी आपलीच माणसं कापत सुटायचा.
आता बत्त्या बंद करा सगळ्यांनी."

झाल्या बंद.

मी रात्रीचाच माणूस.
मंठा, जिंतूर, पालम, कुठं खड्डा आहे झोपेत सांगीन.
पण माझ्या अंधारापुढं कायम दोन दिवे असतात.
हा बिनदिव्यांचा निघाला.
हात आपोआप वर आले,
नसलेलं स्टेअरिंग धरून मी उभा,
उजवा पाय खडकावर ब्रेक शोधायला लागला.
कुणाला दिसलं नाही, बरं झालं.

तेवढ्यात खालून बारीक आवाज,
"त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर."

बत्ती मारली तर मुंजा. सहावीतला, दप्तर पोटाशी.
"आरं, सर रडायला आलेत तिकडं!"
"पायऱ्या मोजायलोय, काका. अंधारात चुकल्या.
म्हणून पुन्हा पहिलीपासून धरल्या.
दोनदा."

हात उगारला होता. तसाच खिशात घातला,
फोन काढला. "सापडलं लेकरू. आणतो, सर."
आणतो म्हणालो. कधी, ते नाही सांगितलं.
कारण पोरगं तोंडाकडं बघत होतं,
"मग आता चौऱ्याहत्तरवरच सोडायचं का?"

तो मोठ्यानं, मी मनात.
तीनशेला माझा श्वास पहिल्या गिअरवर आला.
एका वानरानं त्याचा पेरू नेला
तरी त्यानं आकडा सोडला नाही.
माझा सुटला असेल एखादा, दम खाताना.

बारादरीत वारं असं
की शर्टात दुसरा माणूस शिरल्यासारखं.
"काका, आपली गाडी कोणती?"
खाली पाच पांढऱ्या, आगपेटीएवढ्या.
इंजिन खोकलं तरी ओळखतो मी माझं,
पण वरनं बघायचा प्रसंग कधी आलाच नव्हता.
लई वेळ शोधलं.
मग टावेल दिसला. हिरवा. टिकलीएवढा.
"ती," म्हणालो,
अन् घसा धरला. चढामुळं असेल.

आकडे जुळले नाहीत. चार पायऱ्यांचा फरक.
त्याच्या जास्त.
खाली सर काही बोलले नाहीत.
खरं रागावलेला माणूस बोलत नाही.

रात्री मंठा मागं पडलं.
पोरं एकमेकांवर कलंडलेली,
क्लचवरचा गुडघा अजून चढतच होता.
मागून झोपेतला आवाज,
"काका, त्या चार कुठं गेल्या असतील?"

"अंधारीत," म्हणालो.
पुढं दोन दिवे, अन् रस्ता.
"असू दे तिथंच. झोप."