शाळा सोपवताना

दार जोरात लोट, मार्लेन, लाकूड फुगलंय.
चिलोएत सगळंच थोडं फुगलेलं असतं.
ही किल्ली. हा चुलीचा चिमटा. ही मुलं, अकरा;
सहा इयत्ता, एक खोली
आणि चुलीभोवती वाळत घातलेले बावीस मोजे.
(एकवीस. एलिसेओचा एक कायम हरवलेला.)

प्रगतिपुस्तकं कपाटात आहेत. इतक्यात वाचू नकोस.
त्यांत माझंच अक्षर आहे, आणि ते फार ठाम आहे.

पहिली सतरा वर्षं मी प्रश्न विचारायचे
जशी वात्रट पोरं कडी वाजवून पळतात.
"एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"
श्वास घ्यायच्या आत हेर्टाचा हात वर.
हेर्टा बरोबर. चला, पुढचं उदाहरण.
मला वाटायचं, वर्गाला समजलं.
वर्ग म्हणजे हेर्टा.

रोसामेल बार्रिआ खिडकीपाशी, पाण्याकडे तोंड करून.
त्यानं लिहिलं : एक चतुर्थांश मोठा,
कारण तीनापेक्षा चार मोठे.
मी फुली मारली. शेजारी लिहिलं, 'लक्ष दे.'
कुठं, कशाकडे,
हे लिहायला समासात जागा होती.

त्याच शनिवारी धक्क्यावर त्यांची होडी लागली.
शिंपल्यांची पोती उतरत होती, तिघांचे वाटे पडत होते,
एवढ्यात चुलता आला : हवेची नळी मी धरली होती,
माझाही वाटा काढा.
आणि हे नऊ वर्षांचं पोर, पोत्यावर पाय रोवून :
"चौथा आला की सगळ्यांचंच कमी होतं, काका.
तिघांतच बरं होतं."

मी तिथंच उभी, हातात पावाची पिशवी.
कुणीतरी माझ्या वहीवर शांतपणे
फुली मारून गेल्यासारखी.

सोमवारी तोच प्रश्न पुन्हा विचारला,
आणि थांबले.
थांबायला शिकावं लागतं, बाई गं,
त्याची पदवी कुठं मिळत नाही.
एक, दोन. तीनला माझीच जीभ वळवळते.
चारला हेर्टा बाकावरून अर्धी उठलेली.
पाचला चुलीत ओलं लाकूड चुरचुरतं.
सहा.
इथली ओहोटी तू पाहशीलच. पाणी घाईनं जात नाही,
पण गेलं की लांबवर तळ उघडा पडतो
आणि वाळूत जे जे जिवंत आहे
ते बारीक भोकांतून श्वास सोडतं.
सात.
"ते शिंपल्यांच्या वाट्यांसारखं आहे का?"

शाब्बास ओठांवर आलं होतं. गिळलं.
शाब्बास म्हटलं की गोष्ट तिथंच संपते.
म्हटलं, "कसं काय?"
आणि तो उठून फळ्याशी आला, मोजा एकच घालून.
(हो, त्या दिवशी त्याचाही हरवला होता.)

साहेब बोटीनं येतात, त्यांना आकडे लागतात.
सातपैकी किती, ते दे त्यांना, भांडू नकोस.
पण वहीत आकडा उशिरा घाल.
आकडा दिसला की मूल पुढचं वाचत नाही,
वही मिटून शेजारच्याचा आकडा बघतं.
आधी एखादा प्रश्न लिही,
ज्याचं उत्तर तुलाही ठाऊक नाही असा.
मला रोज जमला नाही.
पावसाळी मंगळवारी मी नुसत्या बरोबरच्या खुणा केल्यात,
ढीगभर.

एक राहिलंच. हेर्टाचं पत्र आलंय, पुएर्तो मोंतहून.
लिहिते : बाई, इथं मला उत्तर येत नाही तेव्हा
हात कुठं ठेवायचा ते कळत नाही.
चुकायचं कसं, हे तुम्ही मला कधी विचारलंच नाही.

अकरा दिवस झाले. टेबलावरच आहे ते.
काय शेरा लिहू?

चिमटा जपून वापर. खिळा ढिला आहे.