प्रभारी

तौसीफ म्हणाला, ती जांभळी नको.
दिसायला राणी आहे, पण तुमच्या हातचं खाणार नाही,
तीन आठवड्यांत पाठ सुरीसारखी होईल.
काचेवर बोट ठेवून त्याने शिकवलं:
रंग बघायचा नाही, रंगाला सगळेच फसतात.
डोक्यामागची पाठ बघायची, भरलेली हवी.
मग माझ्यासमोर चिमूटभर मायसिस टाकलं.
जी झेपावली ती माझी.
पाच नारिंगी अँथिया, सगळ्या माद्या,
आणि एक किरमिजी नर, पाठीवर तुरा काढलेला.
हवा भरलेल्या सहा पिशव्या मांडीवर घेऊन
वाशीहून नेरूळला आले,
रिक्षावाल्याला दर खड्ड्याला दादा म्हणत.

खाडी आमच्या गच्चीवरून दिसते,
पण तिचं पाणी चालत नाही.
समुद्र आम्ही बादलीत करतो, दर रविवारी,
मीठ काट्यावर तोलून.
पप्पा लाकडी उलथन्याने ढवळतात
आणि क्षारतेचा आकडा मोठ्याने वाचतात,
सिडकोच्या आस्थापना शाखेत
हजेरीपट वाचायचे तसा.

मार्चमध्ये त्यांचं पाऊण पोट काढलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थोडं,
दिवसातून सहा वेळा, भूक असो नसो.
तौसीफनेही माशांबद्दल हेच सांगितलं होतं.
प्रवाळाच्या कड्यावर त्यांच्या तोंडाशी
दिवसभर काही ना काही वाहत येतं;
एकदम ढीगभर घातलं
तर मासा उपाशी आणि पाणी नासलेलं.
म्हणून फ्रिजवर एकच तक्ता.
आठ, साडेदहा, एक, साडेतीन, सहा, साडेआठ.
दोन रकाने. डावा पप्पांचा, उजवा माशांचा.
मी कामावर असते.
संध्याकाळी येऊन बघायची:
उजवीकडे सहा सह्या, र. गं. पेंडुरकर, शाईच्या पेनाने.
डावीकडे दोन. कधी एकच.
मी काही बोलले नाही.
मायसिसचा डबा आणि पेजेची वाटी
एका ट्रेमध्ये ठेवायला लागले, इतकंच.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली, तीन तास.
इन्व्हर्टर पंख्यापुरता.
पप्पा स्टुलावर बसून
मगाने पाणी उचलून पुन्हा टाकीत सोडत राहिले,
मी टॉर्च धरून.
हवा लागावी म्हणून झाकणाची जाळी
मीच काढली होती.
सकाळी नर सोफ्यामागे सापडला,
सुकटासारखा कडक, तुरा तसाच उभा.
पप्पांनी महावितरणच्या बिलावर तो उचलला
आणि कुंडीत पुरला.
त्या दिवशी दोन्ही रकाने कोरे.

मग जूनमध्ये, मी चप्पल काढते आहे तोच,
म्हणाले, ती तीन नंबरची बघ.
आधी खायची, आता आधी खात नाही.
बाकीच्यांना दगडाआड हुसकते, मग परत फिरून मोजते.
मला काही दिसलं नाही.
दिवसभर काचेसमोर बसलेल्या माणसाला दिसतं ते
सात वाजता घरी येणाऱ्याला दिसत नाही.
आठवडाभराने मलाही दिसलं:
नारिंगी अंगावर कडेने किरमिजी चढत होता,
परावर डाग उमटत होता,
पाठीचा एक काटा बाकीच्यांना सोडून वाढत निघाला होता.
मी तौसीफला फोन केला. तो हसला.
थोरली मादी नर होते, ताई, नवीन आणू नका.
पप्पांना आश्चर्य वाटलं नाही.
खुर्ची रिकामी राहत नाही, म्हणाले,
कुणाकडे तरी चार्ज जातो.
ऑर्डर निघायची आहे, कामकाज मात्र सुरू.
तक्त्याच्या समासात त्यांनी लिहिलं: क्र. ३, प्रभारी.

आई गेली त्या वर्षी
ते कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकले होते,
चौथीला गॅस बंद.
माझ्या वेण्या वाकड्या घालायचे, पण रोज.
त्याला आम्ही कुणी काही नाव दिलं नव्हतं.

काल लवकर सुटले. साडेतीन वाजत होते.
दार लोटलेलं, आत पंपाची घरघर.
पप्पा काचेशी वाकून म्हणत होते,
साहेब, घ्या.
जाळी सरकवून तीन चिमटी, थांबून थांबून,
मग जाळी परत लावली, चारही कोपरे दाबून पाहिले.
मग पेजेचा एक चमचा. दुसरा.
तोंड वाकडं करून तिसरा.
पेनचं टोपण काढलं,
आधी उजवीकडे सही केली,
जरा वेळ काचेकडे बघितलं,
आणि डावीकडे.