भोपळा

शम्मा उतरते तेव्हा मी शिवण बघतो.
सवयच झालीय.
सगळ्यांच्या माना वर, तिच्या पायांवर डोळे,
आणि माझी नजर सातव्या खणाच्या कोपऱ्याला,
जिथे मार्चमध्ये मी ठिगळ लावलं.

उम्म अल-कुवैनची ही धावपट्टी,
एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला वाळू.
शेडमध्ये चटईवर गुडघे टेकून
चौदा वर्षं मी पॅराशूटच्या घड्या घालतोय.
एका घडीचे तीस दिरहम.
दोऱ्या मोजायच्या, स्लायडर वर सारायचा,
मग सगळं कापड पोटाखाली घेऊन
हळूहळू हवा काढायची. घाई केली तर ते रुसतं.
पिन. झाकण. सही.
स्वतः मी कधी उडी मारली नाही. कोणी विचारलंही नाही.

माणसं मला कापडावरून कळतात.
रेनाटोचं पॅराशूट एवढंसं, परकराएवढं.
कोंबडीच्या पिलावर घार यावी तसा तो तळ्यावर येतो,
तिरका, आणि एक पाय पाण्यातून ओढत नेतो.
वळण अर्धा सेकंद उशिरा, तर तळं नाही, जमीन.
हे तो सांगत नाही.
त्याचं ढोपर सांगतं, बर्फाच्या पिशवीखालून.

चौघांची टीम आधी जमिनीवर उडते.
चाकांच्या फळ्यांवर पालथे पडून
माझ्या दाराशी सरकत असतात सकाळभर,
हात याच्या दंडाला, त्याच्या पोटरीला,
धर, सोड, फिर, धर.
पस्तीस सेकंदांत बावीस आकार.
जॉबी म्हणतो, पकडणं सोपं, पेडणेकर,
कधी सोडायचं ते कळायला तीन वर्षं गेली.
त्यांच्या डोक्यावर कॅमेरावाला थॉर्स्टन.
त्याच्या चौकटीत ते चौघे मावले नाहीत
तर पंचांच्या लेखी ते उडलेच नाहीत.
रात्री तो मानेला बाम चोळतो.

आणि शम्मा.
तिचं पॅराशूट मोठं, म्हशीसारखं संथ.
वेग नाही, करामत नाही,
वाऱ्याला चुचकारत यायचं
आणि गादीच्या मधोमध टाच ठेवायची. फक्त टाच.
तिथे पिवळी टिकली, दोन सेंटिमीटर,
माझी बायको लावते त्याहून जराशी मोठी.
एक सेंटिमीटर चुकलं तर एक.
दोन चुकलं तर दोन.
टिकलीवर टाच पडली तर शून्य,
आणि शून्याच्या वर काही नाही.

पहिल्या वर्षी हे मला पटेना.
आचऱ्याच्या शाळेत मास्तरांनी माझ्या गणिताच्या पेपरावर
भोपळा काढला, त्याला देठ काढला, पान काढलं,
आणि पेपर वर्गभर फिरवला.
त्या भोपळ्याने मला शिंप्याच्या दुकानात बसवलं,
शिंप्याने शारजात, शारजाने इथे.

काल शेवटची फेरी.
दुपारी शमाल उठला, वाऱ्याची पिशवी ताठ झाली,
तासभर कोणी उडालं नाही.
शम्मा शेडमध्ये आली, पाणी प्यायली,
हार्नेसचा पट्टा ओढत म्हणाली,
घडी तूच घातलीस ना?
हो म्हटलं.
बस, एवढंच. गेली विमानाकडे.

मग ती ठिपका झाली, मग खण दिसू लागले,
मोजले, सातही भरलेले,
ठिगळ शांत.
आणि लोक ओरडले.
टाच मी पाहिलीच नाही.
फलकावर दोन शून्यं होती.

रात्री घरी फोन लावला,
म्हटलं, आज भोपळा मिळाला.
ती म्हणाली, अगोबाई, तिकडे मिळतो?
मग भाजी केलीत की घारगे?

मी काही बोललो नाही. हसलो असेन.
शम्माचं कापड चटईवर पसरलेलं होतं,
खणाखणात वाळू.
झटकलं, दोऱ्या मोजल्या, पोटाखाली घेतलं.
हवा निघायला नेहमीपेक्षा वेळ लागला.