शिडी

अकरावा प्रश्न असा:
समजा एक शिडी आहे, दहा पायऱ्यांची.
वरच्या टोकाला तुम्हाला हवं तसं आयुष्य,
तळाला नको तसं.
आज तुम्ही कितव्या पायरीवर?

एका फॉर्मचे ऐंशी रुपये.
चहा घेतला तर वेळ जातो,
नाही घेतला तर माणूस खरं सांगत नाही.

कासेगावात ऊस पार पोर्चपर्यंत आलेला,
पोर्चमध्ये दोन गाड्या.
जयसिंगतात्या छताकडं बघत म्हणाले, पाच.
मग म्हणाले, नको, चार लिहा.
बांधापलीकडं धाकट्या भावाचा एकरी नव्वद टन गेला,
आपला सत्तरवरच अडकलाय.
मी चार लिहिलं. चहात वेलदोडा होता.

विट्यापर्यंत एसटीच्या खिडकीत हिरवं होतं.
पुढं कुणी ओल्या फडक्यानं
पाटी पुसत नेल्यासारखं.

दिघंचीच्या अलीकडं, वस्तीवर,
चाफाबाई मेटकरी हातातलं काम न सोडता म्हणाली,
आठ.
काल टँकर आला. शेळीला दोन्ही पाटी झाल्या.
लिही, आठ.
मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.
साहेबांना असलंच आवडतं:
गरीब, पण सुखी.

पान उलटलं तेवढ्यात ती म्हणाली, थांब.
शिडी लावलीया कुणाच्या घराला?

समोर हिंदुरावचं घर.
पोरगं गलाईला गेलं कोइमतूरला,
गच्चीला स्टीलचं रेलिंग, उन्हात डोळ्यात घुसणारं.
त्येचा मजला चढला, बाई म्हणाली,
तवा कळलं आमचं पत्र्याचं हाय.
आदी नुसतं घर हुतं.

मी पेन धरून बसले.
खोड आठ, ती म्हणाली.
न्हाई, ऱ्हाऊ दे, ती शेळीची.
माणसाचं तीन लिही.

शेळीचा रकाना नव्हता.

रात्री लॉजवर हिशेब केला, एक फॉर्म कमी.
स्वतःचाच भरला.
नाव, वय, शिक्षण, कंत्राटी.
अकराव्यापाशी तात्यांचा पोर्च आठवला:
दोन.
मग चाफाबाईचा पत्रा आठवला.
मी तीच, खोली तीच, पंखा तोच कुरकुरणारा,
सहा.

सहाच लिहिलं.
लिहिताना जरा बरं वाटलं,
ते बरं वाटणं कुठं लिहायचं
हे मात्र ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.