आटपाडी, दुपारी तीन

स्पिरोस व्हार्दाकिस, ग्रीक, वय एकसष्ट,
पस्तीस वर्षं अथेन्सला वास्तुकला शिकवून
कोंडाबाईच्या धाब्याखाली तापमापक टांगून बसला.
टेपचं दुसरं टोक माझ्या हातात.

बाहेर एक्केचाळीस. आत तीस.
त्यानं भिंत चाचपली,
खरसुंडीच्या जत्रेत खोंड चाचपावा तशी.
"आमच्या बेटावरही असंच मातीचं छप्पर होतं.
वडिलांनी पाडलं."

कोंडाबाई म्हणाली, इचार त्याला,
एवढं शिकून गारवाच मोजतोय व्हय?
मी इंग्रजीत सांगितलं. तो बराच वेळ हसला.

सहा वर्षांनी पोस्टानं पुस्तक आलं.
पान एकशे बारा : तिच्या घराचा छेद,
बाणांनी काढलेला वारा.
दाखवायला गेलो,
तर वर निळा पत्रा.
कोंडाबाई बाहेर, लिंबाखाली.
पुस्तक उलटं धरलं, पान पाहिलं न पाहिलं,
आणि त्यानंच वारा घेऊ लागली.