असावा

साहेब नागपूरहून आले, दोन दिवस राहिले.
कुटाराचे जळालेले पाच ढीग पाहिले,
राख बोटानं चिमटीत धरून हुंगली,
रेस्ट हाउसवर जेवले. ठेचा नको म्हणाले.
मग मला म्हणाले, लिहा.

मी ठाण्याचा रायटर. अक्षर चांगलं.
लिहिलं :
पुरुष. वय पंचवीस ते पस्तीस.
एकटा राहणारा. बोलणं कमी.
रात्री भटकण्याची सवय.
कधीतरी फार मोठा अपमान झालेला असावा.

'असावा'पाशी माझा पेन अडला, एवढं आठवतं.
कोणाचा नाही झाला?
आणि टेंभुरदऱ्यात लाइन येते रात्री अकराला,
अर्धं गाव टॉर्च घेऊन वावरात भटकते
मोटर सुरू कराले.
हे मी बोललो नाही.
लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं.
कागदात तोवर मला माझंच तोंड दिसू लागलं होतं;
बावन्नचा आहे, म्हणून सुटलो.

विलास वाभिटकर नाही सुटला.
मोटरीचं वाइंडिंग करायचा,
दिवसभर तांब्याच्या तारेशी मान खाली.
बायको बाळंतपणाला माहेरी, दिग्रसला.
म्हणजे एकटा, असं धरलं.
अकरा दिवस ठेवला.
सहावा ढीग पेटला तेव्हा तो आतच होता.
साहेब फोनवर म्हणाले, अनुकरण. असं होतं.

सातव्या ढिगापाशी शेवंताबाई ठावरी सापडली.
वय एकसष्ट. ओट्यात काडीपेटी.
पळाली नाही. उकिडवी बसून होती उजेडात.
"कोन कोन धावत येते
थे पाहाचं होतं मले."
मी हे जबाबात लिहिलं.
पुढं काय विचारावं, कोणालाच सुचलं नाही.

साहेबांनी आपला कागद मागवून घेतला.
"पाहा," म्हणाले, "एकटी राहणारी. बोलणं कमी.
अपमान तर असणारच. बरंच जुळलं की."
पुरुष आणि वय यांवर त्यांचा अंगठा होता.
मुद्दाम नसेल.

विलासच्या दुकानाचं शटर आता अर्धंच उघडतं.
पोरं त्याला आगपेटी म्हणतात.
बायको दिग्रसहून आली नाही, मुलगी झाली म्हणतात.
बोलणं कमी.
रात्री बंदोबस्तावरून येताना दिसतो कधी
नाल्याच्या पुलावर,
लाइन नसतानाही.

कागद अजून फाइलीत आहे, माझ्याच अक्षरात.
आता शब्द न् शब्द त्याला लागू पडतो.
फक्त शेवटचा 'असावा' तेवढा
खोडायचा राहिला.