खिडक्यांची मोजणी

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी आकडे येतात.
यंदा सतरा नावं,
त्यातली आठ चक्रीवादळं, चार भारी.
लुईझियानाच्या आमच्या पट्ट्यावर एखादं धडकण्याची शक्यता
एक्केचाळीस टक्के.
मी रेडिओ बारीक करते,
गल्ल्यावर ऑर्डरचा फॉर्म उलगडते
आणि पेन्सिलीला टोक काढत बसते.

एक्केचाळीस टक्के म्हणजे घराचं किती?
छप्पर जाईल, स्वयंपाकघर राहील?
आल्सीद म्हणतो, तसं नसतं ते,
अशी शंभर वर्षं घे, त्यातल्या एक्केचाळीस वर्षांत येईल.
तो शाळेत गणित शिकवायचा.
मग प्लायवूडचे तक्ते किती मागवू तेवढं सांग,
म्हटल्यावर खिळ्यांच्या खोक्यात बोटं घालून
गप्प उभा राहतो.

पॉइंट ओ सेलमध्ये अंदाजांना तोटा नाही.
बा दुओंग कोळंबीच्या जाळ्याशेजारी हात बुडवून
पाणी किती कोमट ते सांगतो,
थर्मामीटर मागाहून त्याला दुजोरा देतो.
ऑर्टेन्स गांधीलमाश्यांवर नजर ठेवते,
पोळं जमिनीलगत, तर वारा मोठा.
एका वर्षी तिच्या टपालपेटीतच पोळं झालं.
वारा आला नाही.
टपाल मात्र दोन महिने बंद.

विद्यापीठातली माणसं याहून लांबचं बघतात:
पॅसिफिक गार आहे का,
आफ्रिकेवरून धूळ किती उठली.
ती सहाराची धूळ इथवर येते,
आमची संध्याकाळ तांबूस करते
आणि समुद्रात वादळाच्या घशाला कोरड पाडते.
कुठल्या कुठलं वाळवंट,
आम्ही त्याला कधी काही दिलेलं नाही.
या माणसांना हसणाऱ्यांतली मी नाही.
बहुतेक वेळा ती बरोबर असतात,
समुद्राबद्दल.
आमच्या गावाबद्दल त्यांनी कधी शब्द दिलाच नव्हता.

ज्या वर्षी ते म्हणाले, शांत जाईल,
त्या वर्षी मी चाळीस तक्ते मागवले.
पाचच वादळं झाली. अंदाज अगदी अचूक.
चार भर समुद्रात विरली,
माशांखेरीज कुणाला पत्ता नाही.
उरलेलं एक,
कुणाच्या तरी गरीब मावशीचं असावं असं नाव,
मंगळवारी दुपारी आखातात वळलं.
बुधवारी सकाळी नवाला चाळिसावा तक्ता गेला.
सव्वानवाला ऑर्टेन्स दारात,
खिडकीचं माप कागदावर, सुतासकट.
मी दुकानाचं मागचं दार
बिजागऱ्यांतून काढून तिच्या गाडीत टाकलं.
चार बोटं कमी पडलं.

तेव्हापासून आकडे ऐकते,
शेजारच्या पोराचे मार्क ऐकावेत तसे,
आणि मेच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटलं की,
वही घेऊन गाव पालथं घालते.
खिडक्या मोजते.
समुद्राकडच्या, मागच्या,
न्हाणीघराच्या झरोक्यासकट.
नव्या माणसांना वाटतं, कर वसूल करायला आले.
पहिल्या वर्षी सहाशे बारा भरल्या.
गेल्या वर्षी चारशे ऐंशी.
यंदा दुओंगची धाकटी ह्यूस्टनला गेली,
आल्सीदच्या बाजूचे दोन ट्रेलर
चाकांवर चढून उत्तरेला.
तीनशे एक्क्याण्णव.
हा उतार विद्यापीठाच्या कुठल्या आलेखात आहे का,
एकदा विचारायला हवं.

ऑर्टेन्सचं नवं घर खांबांवर आहे, चौदा फूट वर.
सगळ्यांनी सांगितलं, दक्षिणेला कोरी भिंत ठेव, बाई.
तिने तिथेच
दाराएवढी खिडकी पाडून घेतली.
म्हणाली, येणारं दिसायला नको?

त्या खिडकीला दीड तक्ता लागतो.
मी दोन लिहिते.